बसलेल्या माणसाचा फोटो उभ्याने काढताना कॅमेऱ्याची उंची आणि कोन कसा ठरवावा?

खाडीकाठी (ऐरोली)

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने मी दर रविवारी सकाळी आमच्या घराजवळच्या रस्त्याकडेच्या मासळी बाजारात फोटो काढते आहे. तिथे बसणाऱ्या बहुतेक मावश्या दिवा कोळीवाड्यातल्या किंवा आसपासच्या गावांतल्या आहेत. त्यांच्याकडून मी आठ वर्षे मासे घेत असल्यामुळे चांगली ओळख आहे आणि फोटो काढायला कोणाची हरकत नाही. माझ्याकडे एक जुना डीएसएलआर, त्याच्याबरोबर आलेली 18-55 मिमीची झूम लेन्स आणि फोन एवढेच साहित्य आहे.

मागच्या आठवड्यात निवडक चाळीस फोटो संगणकावर एकत्र लावून पाहिले आणि मन खट्टू झाले. प्रत्येक फोटोत मावशी खाली आणि मी वर. भांग आणि कपाळ मोठे, हनुवटी निमुळती, डोळे वर उचललेले, जणू ती माझ्याकडे काही मागते आहे. प्रत्यक्षात तीच बाई भाव करणाऱ्या चार गिऱ्हाइकांना एकटी पुरून उरते, डाव्या हाताने पैसे मोजत उजव्या हाताने कोळंबीचा वाटा सारखा करते आणि मान वर न करता तिसऱ्याला उत्तर देते. तिचा तो रुबाब माझ्या एकाही फोटोत उतरलेला नाही.

म्हणून पुढच्या रविवारी उकिडवी बसून फोटो काढले. चेहरा सुधारला, पण मागे नुसते पाय, चपला, प्लॅस्टिकचे क्रेट आणि पिशव्या आल्या. शिवाय वर बांधलेल्या निळ्या ताडपत्रीमुळे चेहऱ्यांवर निळसर छटा आली. फार जवळ गेले तर हातातले पापलेट चेहऱ्यापेक्षा मोठे दिसते. हे कधी मला आवडते, तर कधी ते फसवे वाटते.

कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा, हा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो नेहमी पाळायचा असतो का, आणि पाळला तर मागच्या गर्दीचे काय करायचे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. जाता जाता आणखी एक गोष्ट विचारते. समोरच्या उंच इमारतीचा फोटो काढला की ती मागे कलल्यासारखी का दिसते?

---

पारसिक (कळवा)

तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: कॅमेऱ्याची उंची, कॅमेऱ्याचे अंतर आणि तुम्ही उभे राहता ती जागा. त्या सुट्या केल्या, तर गुंता बराच सुटेल असे मला वाटते. मी मुख्यतः पक्ष्यांचे फोटो काढतो, त्यामुळे माझे उदाहरण खाडीतले असेल, पण भूमिती तीच आहे.

आधी अंतराचे पाहू. तुम्ही उभ्या असताना लेन्स जमिनीपासून साधारण 150 सेंमीवर असते आणि पाटावर बसलेल्या मावशीचे डोळे साधारण 75 सेंमीवर असतात. तुम्ही एका मीटरवर उभ्या असाल, तर कॅमेरा सुमारे 37 अंश खाली झुकतो. तीन मीटरवर गेलात, तर तोच झुकाव 14 अंशांवर येतो. म्हणजे गुडघे न वाकवता, नुसते मागे सरकून अर्ध्याहून अधिक काम होते. तुमच्या लेन्सचे 55 चे टोक (म्हणजे पूर्ण झूम) वापरलेत, तर तीन मीटरवरून चौकटीत साधारण 130 सेंमी रुंद आणि 85 सेंमी उंच एवढा भाग येतो. त्यात बसलेली मावशी आणि तिची टोपली व्यवस्थित मावते, आणि टोपलीही हवी तेवढी दिसावी असे वाटले तर कॅमेरा उभा धरावा.

आता पापलेटाचे. पुष्कळ जण याचा दोष वाइड लेन्सला देतात, पण खरे कारण अंतर आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत सुमारे 12 सेंमी धरा. कॅमेरा नाकापासून 40 सेंमीवर असेल, तर कान 52 सेंमीवर पडतो आणि कानाच्या मानाने नाक जवळपास तीस टक्के मोठे उमटते. कॅमेरा 160 सेंमीवर नेला, की हा फरक सात-आठ टक्क्यांवर येतो. लेन्स कोणतीही लावली, तरी त्या जागेवरून हे प्रमाण बदलत नाही, लेन्स फक्त चौकटीत किती भाग घ्यायचा ते ठरवते. तेव्हा झूमच्या कड्याला हात लावण्याआधी पाय कुठे ठेवायचे ते ठरवावे. पुढे केलेला हात आणि हातातला मासा हाच तुमचा विषय असेल, तर जवळ जायला काहीच हरकत नाही. चेहरा विषय असेल, तर दीड मीटरच्या आत जाऊ नये, असे माझे मत आहे.

पार्श्वभूमीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कॅमेऱ्याची उंची बदलली की मागचे दृश्य किती बदलते, हे मला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांनी शिकवले. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत आणि नेरुळच्या तळ्यांवर ते मोठ्या संख्येने असतात. समजा, लहान रोहिताचे अंग पाण्यापासून 60 सेंमीवर आहे आणि तो तुमच्यापासून 30 मीटरवर उभा आहे. लेन्स पाण्यापासून 160 सेंमीवर असेल, तर तिच्यातून पक्ष्याच्या अंगावरून जाणारी रेषा त्याच्या मागे 18 मीटरवर पाण्याला टेकते. मग पक्ष्याच्या मागे चिखलट पाणी आणि तरंगणारा कचरा येतो, तोही बऱ्यापैकी स्पष्ट. लेन्स 60 सेंमीवर आणली, की ती रेषा आडवी होते, पाण्याला टेकतच नाही आणि थेट पलीकडच्या तिवरांपर्यंत जाते. तिवरे शेकडो मीटर लांब असल्यामुळे त्यांचा मऊ हिरवा पडदा होतो आणि गुलाबी रंग उठून दिसतो. बांधावरून फोटो काढताना बांधाची उंचीही या हिशेबात धरावी लागते, कारण तिथे पालथे पडूनही लेन्स पाण्याच्या पातळीला येत नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीत बसले की ही अडचण बरीच कमी होते.

हीच रेषा बाजारात काढून पाहा. उकिडवे बसल्यावर ती आडवी झाली आणि मागच्या गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांवर गेली, म्हणून तुम्हाला पाय आणि चपला मिळाल्या. यावर उपाय म्हणजे बाजूला सरकणे. मावशी दीड मीटरवर आणि तिच्या मागची भिंत तिच्यापासून सहा मीटरवर असेल, तर तुम्ही अर्धा मीटर डावीकडे सरकलात, की तिच्या चेहऱ्यामागे दिसणारा भिंतीचा भाग तब्बल दोन मीटर उजवीकडे जातो. एवढ्याने गर्दीची वाट चौकटीबाहेर जाऊन बंद दुकानाचे शटर मागे येऊ शकते. मी नवीन जागी गेलो की आधी कॅमेरा पिशवीतच ठेवतो आणि एक डोळा मिटून विषयाभोवती अर्धे वर्तुळ चालून येतो.

---

तलावपाळी (ठाणे)

खाडीकाठीताई, मी ठाण्यात स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत सव्वीस वर्षे काम केले. त्यातली पहिली काही वर्षे दोन लेन्सांच्या यशिका कॅमेऱ्यावर गेली, तेव्हा त्या अनुभवातून लिहितो.

त्या कॅमेऱ्यात वरून, छातीपाशी धरलेल्या काचेत पाहावे लागे. जर्मनीत 1929 साली याच जातीचा रोलायफ्लेक्स कॅमेरा आला आणि तेव्हापासून कित्येक दशके जगभरातल्या छायाचित्रकारांनी असेच, मान खाली घालून, काम केले. आपल्या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही रोलायफ्लेक्स असे. काचेत प्रतिमा सरळ दिसे, पण डावे-उजवे उलट असे आणि त्याची सवय व्हायला महिना जाई. याचा एक मोठा फायदा मात्र होता. लेन्स आपोआप कमरेच्या किंवा पोटाच्या उंचीवर येई, त्यामुळे लहान मुले, खुर्चीतले आजोबा, जमिनीवर मांडी घालून बसलेली नवरी, या सगळ्यांच्या बरोबरीने कॅमेरा असे.

दुसरा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. कॅमेरा डोळ्याला लावला, की समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, फक्त आपल्यावर रोखलेली काळी काच दिसते. कमरेशी धरलेल्या कॅमेऱ्यात पाहताना तुम्ही मान झुकवलेली असते आणि मध्येच वर पाहून दोन शब्द बोलता येतात. समोरचा माणूस सैल होतो. तुमच्या डीएसएलआरचा पडदा वळत नसेल, तर हे काम फोनने करावे. फोन पोटाशी धरा, पडदा आकाशाकडे थोडा तिरका ठेवा आणि मावशीशी बोलत राहा. अगदी जमिनीलगतचा कोन हवा असेल, तर फोन उलटा करा, म्हणजे लेन्स खालच्या बाजूला येते आणि टोपलीच्या काठाच्या उंचीवरून फोटो मिळतो. टोपली रचताना मासे एकावर एक कसे लावले आहेत, ते तिथूनच कळते. वरून पाहिले तर नुसता रुपेरी ढीग दिसतो.

डोळ्यांच्या पातळीच्या नियमाबद्दल माझा अनुभव सांगतो. सभेत बोलणाऱ्या पुढाऱ्याला आम्ही मुद्दाम मंचाच्या खालून टिपत असू, म्हणजे तो भारदस्त दिसे. पाळण्यातल्या बाळाला वरून टिपत असू, कारण आईही त्याला तसेच पाहते. दोन्ही कोन आपापल्या जागी योग्य आहेत. तुमच्या मावशीला मात्र ना वरचा कोन शोभतो ना फार खालचा. तुम्ही एक गुडघा टेकून, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या किंचित खाली, समजा तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या उंचीवर धरा. तिची नजर कॅमेऱ्याच्या वरून गिऱ्हाइकाकडे जाईल आणि तुम्ही वर्णन केलेला रुबाब तिथे दिसेल.

ताडपत्रीचा निळेपणा संगणकावर पूर्ण निघत नाही, कारण वरून निळा उजेड आणि रस्त्याच्या बाजूने पांढरा उजेड, असे दोन उजेड एकाच चेहऱ्यावर पडलेले असतात. ताडपत्रीच्या कडेला बसणाऱ्या मावशा निवडा, म्हणजे समोरून मोकळ्या आकाशाचा उजेड मिळेल. बर्फाचा थर्मोकोलचा खोका पांढरा असतो. तो चेहऱ्याशेजारी, त्याच उजेडात असेल, तर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगांची जुळणी) त्याच्यावरून लावावा. मे महिन्यात सकाळी नऊच्या आत काम उरका. आपल्याकडे महिन्याच्या मध्याला दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, मग कोन कितीही चांगला असो.

---

उपवन (ठाणे पश्चिम)

वरचे दोन्ही प्रतिसाद मी जपून ठेवते आहे, पण एका गोष्टीवर मतभेद नोंदवते.

कॅमेरा पोटापाशी धरण्याच्या सवयीवर फार पूर्वी जोरदार टीका झालेली आहे. सोव्हिएत रशियातल्या अलेक्सांद्र रोदचेंको यांनी 1928 साली हिरिरीने मांडले होते, की छायाचित्रकार बेंबीच्या उंचीवरून तीच ती दृश्ये टिपत राहतात आणि आधुनिक शहर पाहायचे असेल, तर अगदी वरून आणि अगदी खालून पाहायला हवे. त्यांनी गच्चीतून रस्त्याचे, जिन्यांचे आणि उंच इमारतींचे तसे फोटो काढलेही. ते फोटो आजही ताजे वाटतात. तेव्हा वरचा कोन म्हणजे माणसाला कमी लेखणे, असे सरसकट मानू नये. बाजारावर कुणाच्या पहिल्या मजल्याची गॅलरी असेल, तर परवानगी घेऊन तिथून सरळ खाली पाहा. टोपल्यांची वर्तुळे, ताडपत्र्यांचे चौकोन, मध्ये वाहणारी माणसे, असा आखीव नकाशा मिळेल आणि त्यात कोणीही केविलवाणे दिसणार नाही, कारण तिथे मावशी आणि गिऱ्हाईक दोघेही सारख्याच उंचीवरून दिसतात. तुमच्या चाळीस फोटोंत खुपले ते एवढेच, की एक माणूस उभा आणि एक बसलेला, आणि कॅमेरा नेहमी उभ्याच्या बाजूला.

म्हणूनच माझी सूचना वेगळी आहे. तुम्ही आजवर गिऱ्हाइकाच्या जागेवरून फोटो काढले, कारण तुम्ही आठ वर्षे गिऱ्हाईक आहात. आता पलीकडे जा. मावशीला विचारून तिच्या मागे, उजव्या खांद्याजवळ, पाटाइतक्याच उंचीच्या एखाद्या उलट्या क्रेटवर बसा आणि ती जे पाहते ते पाहा. मी हे वाशीतल्या एका भाजीच्या गाड्यामागे करून पाहिले आहे. तिथून चेहरे फार कमी दिसतात, दिसतात ते हात: भेंडीचे टोक मोडून पाहणारी बोटे, परत ठेवलेले टोमॅटो, चुरगळलेली नोट पुढे करणारी मूठ. तुमच्याकडे तर माशाचे कल्ले उघडून ताजेपणा तपासणारी बोटे मिळतील, आणि वाकलेल्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावर भाव करतानाचा तो लटका नकार मिळेल. अग्रभागी मावशीचा खांदा, कानातली कुडी आणि केसांतला गजरा अस्पष्ट राहू द्या, म्हणजे हे कोणाच्या जागेवरून पाहिले आहे ते बघणाऱ्याला कळेल. कोन किती अंशांचा आहे हे मोजता येते, पण दृष्टी कोणाची आहे हे जागा बदलल्याशिवाय बदलत नाही, आणि तुमची खरी तक्रार दृष्टीबद्दल आहे असे मला तुमच्या प्रश्नातून वाटले.

एक व्यवहाराची गोष्ट. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासळीचे वार असल्यामुळे तेव्हा मावश्यांना श्वास घ्यायला सवड नसते. मागे बसायची विनंती मंगळवारी किंवा गुरुवारी करा. गर्दी कमी असते, गप्पा होतात आणि तुमच्या वावरण्याचा धंद्याला अडथळाही होत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्याआधीचे आठवडे वाया घालवू नका.

---

घोडबंदर (ठाणे)

इमारतीच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर देतो. मी वास्तुरचनाकार आहे आणि हा प्रश्न रोजचा आहे. इमारतीच्या उभ्या रेषा फोटोत समांतर हव्या असतील, तर कॅमेऱ्यातला सेन्सर (लेन्समागचा, प्रतिमा टिपणारा भाग) इमारतीच्या भिंतीला समांतर असायला हवा. आपण खाली उभे राहून कॅमेरा वर उचलतो, तेव्हा वरचे मजले सेन्सरपासून अधिक लांब पडतात, लहान उमटतात आणि रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. फोन अगदी सरळ उभा धरा, शक्य तितके मागे जा आणि फोटोच्या खालच्या भागात आलेला नकोसा रस्ता नंतर कापून टाका. तिच्या समोरच्या दुसऱ्या इमारतीच्या मधल्या मजल्याच्या जिन्यातून फोटो मिळाला, तर सर्वांत उत्तम. थोडासा कल संगणकावर सुधारता येतो, पण फार ओढले तर इमारत उंच आणि लुकडी दिसू लागते. टॉवरच्या अगदी पायथ्याशी उभे राहून सरळ वर पाहिलेला फोटो हवा असेल, तर मात्र रेषा मिळू द्याव्यात, कारण तिथे उंचीच दाखवायची असते. अर्धवट कल सर्वांत वाईट दिसतो, चूक झाल्यासारखा.

---

खाडीकाठी (ऐरोली)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेले सगळे करून पाहून मगच उत्तर द्यावे, म्हणून दहा दिवस थांबले.

रविवारी मी आधी पारसिक यांनी सुचवल्याप्रमाणे तीन मीटर मागे गेले. मध्ये गिऱ्हाइके येत राहिली, त्यामुळे पहिली वीस मिनिटे वाया गेली असे वाटले. मग लक्षात आले, की दोन गिऱ्हाइकांच्या पाठींमधल्या फटीतून मावशी दिसते आणि ती फट हीच चांगली चौकट आहे. त्यानंतर एक गुडघा टेकून, गळ्यातल्या सोन्याच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेल्या फोटोंपैकी एका फोटोत ती एका गृहस्थांकडे ज्या नजरेने पाहते आहे, तिच्यासाठी मी चार महिने धडपडत होते. डावीकडे दोन पावले सरकल्यावर मागे खरोखरच हिरवे शटर आले. तलावपाळीकाका, थर्मोकोलच्या खोक्यावरून रंग लावल्यावर चेहरे सावळे आणि उबदार दिसले. फक्त ताडपत्रीखाली अगदी आत बसलेल्या एका मावशीच्या कपाळावर निळी कड राहिली.

गुरुवारी ऑफिसला जाण्याआधी पुन्हा गेले आणि मागे बसू का, म्हणून विचारले. मावशीने काही न बोलता पायाने एक क्रेट माझ्याकडे सरकवला आणि वर गोणपाट टाकला, कारण क्रेट ओला होता. तिथून बाजार वेगळाच दिसतो. गिऱ्हाईक समोर उभे राहिले, की त्याचे डोके ताडपत्रीला टेकल्यासारखे वाटते आणि सगळा उजेड अडतो. त्या सावलीत ती दिवसभर काम करते, हे मला आठ वर्षांत जाणवले नव्हते. बोटे, नोटा, पिशव्यांची तोंडे, सगळे वरून खाली येत होते. उपवन यांनी सांगितलेले हात मिळाले, आणि कल्ले उघडणारी बोटेही मिळाली, त्यात एका बोटाला लाल डाग लागलेला आहे. उजेड कमी असल्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) 1600 पर्यंत न्यावा लागला आणि फोटोत थोडा दाणा, म्हणजे रवाळपणा आला, पण तो खटकत नाही.

त्यातला एक फोटो तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. तिने ओले हात पदराला पुसले, पडदा जवळ ओढून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, की बाकी सगळे आले आहे, पण तिचा कोयता कडेला अर्धाच कापला गेला आहे. मी पाहिले, तर खरेच मूठ बाहेर आणि नुसते पाते आत. येत्या मंगळवारी क्रेट एक वीतभर मागे घेऊन तोच फोटो पुन्हा काढणार आहे, आणि नीट जमला तर त्याची प्रत तिला छापून देणार आहे.